सतरावा दाणा

आमच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत. अंगाने काटकुळ्या, बोलायला टोचऱ्या, आणि दिवसभर हातात बारीक सुई. हे नाव कुणी ठेवलं ते आता आठवत नाही, पण त्यांनी ते बिनतक्रार लावून घेतलं होतं. मी नुसतं बाई म्हणायचो. त्या मला साहेब म्हणायच्या, आणि त्या शब्दात आदर किती नि टिंगल किती, याचा अंदाज मला पंचवीस वर्षांत आला नाही.

बाईंना एका जागी बसवत नसे. चहा उभ्याने. फोन आला की कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. मीटिंगला बसल्याच तर टेबलाखाली टाच हलत राहायची आणि समोरच्याच्या कपातला चहा थरथरायचा. आणि अशा बाईंचं काम काय, तर मिठाच्या खड्याहून लहान दाणे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक उचलून ओळीत मांडायचे. तिथे मात्र मनगटापासून पुढचा हात कोरल्यासारखा स्थिर.

त्यांच्या वडिलांचं चष्म्याच्या काचा घासायचं दुकान होतं. दहाव्या वर्षापासून बाई तिथे काचा घासायला बसत. काच किती झिजली हे डोळ्याने नाही, बोटाच्या पेराने कळतं, असं त्या म्हणत. शिक्षण बेताचं, पण आमच्या सरांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, पॉलिश करणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत सरांनी एक दगडाची चकती हातात दिली आणि विचारलं, काय वाटतं. बाईंनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "डावीकडे जास्त घासली आहे. कुणी केली?" ती सरांनी स्वतः केली होती. नोकरी तिथेच पक्की झाली.

काम सांगायला सोपं आहे. बाहेरून खडक येतात. ते फोडायचे, दळायचे, चाळायचे, पाण्यात खळबळून हलकी वाळू घालवायची, मग चुंबक, मग जड द्रव, ज्यात हलके कण तरंगतात नि जड बुडतात. पोतंभर दगडातून शेवटी चिमूटभर दाणे उरतात. त्यातले झिरकॉन नावाच्या खनिजाचे दाणे बाई वेचायच्या, चिकटपट्टीवर ओळीने लावायच्या, वर राळ ओतून नाण्याएवढी चकती करायच्या आणि ती इतकी घासायच्या की प्रत्येक दाणा बरोब्बर अर्धा उघडा पडावा. जास्त घासलं तर दाणा गेला, कमी घासलं तर पोट दिसत नाही. मग ती चकती माझ्याकडे. माझं यंत्र खोलीभर पसरलेलं, पंप सारखे गुणगुणत असलेलं. त्यातून आयनांचा झोत दाण्यावर सोडायचा. केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढा खड्डा पडतो, आणि त्यातून उडालेल्या अणूंत युरेनियम किती, शिसं किती, हे यंत्र मोजतं. झिरकॉन जन्माला येताना थोडं युरेनियम पोटात कोंडून घेतो आणि ते ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं. म्हणून तो आपलं वय लपवू शकत नाही.

आता त्या दाण्याविषयी. एकोणीस वर्षांपूर्वी सरांनी इथल्याच डोंगरातला एक वालुकाश्म आणला होता. वालुकाश्म म्हणजे जुन्या खडकांची झीज होऊन बनलेला दगड, त्यात ठिकठिकाणचे दाणे एकत्र आलेले. त्याच्या चकतीत, चौथ्या ओळीत, सतराव्या दाण्याचं वय निघालं तीनशे नव्वद कोटी वर्षं. बाकीचे सगळे दोनशे सत्तर कोटींच्या आतले. मी तीनदा मोजलं. तीनदा तेच. सरांनी निबंध लिहिला की आपल्या पायाखाली कुठेतरी फार प्राचीन भूमीचा तुकडा असला पाहिजे, नाहीतर हा दाणा आला कुठून. निबंध गाजला. दाण्याचा फोटो दोन हात लांबीचा करून खालच्या दालनात लावला. पाहुणे आले की सर त्यांना आधी तिथे नेत आणि मग म्हणत, "हा आमच्या बाईंनी वेचला." बाई तेवढ्यात दुसऱ्या खोलीत सटकलेल्या असत.

सर निवृत्तीला आले त्या वर्षी एक नवीन संशोधक रुजू झाल्या; पीएच.डी. झालेल्या, म्हणून आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. पस्तिशीच्या, हसतमुख, कामाला वाघ. त्यांना सतराव्या दाण्याचे भाऊबंद शोधायचे होते. तीन वर्षांचा प्रकल्प, डोंगरात छावण्या, सगळं आखून तयार. पहिलं पाऊल म्हणून त्यांनी त्याच जागेवरून, त्याच थरातून ताजा दगड आणला आणि बाईंना सांगितलं, "ताई, शंभर-दीडशेनं भागणार नाही. दोन हजार दाणे लावायचे."

बाईंनी पाच महिन्यांत दोन हजार दाणे लावले. मी मोजत गेलो. दोनशे सत्तर कोटींच्या पलीकडे एकही नाही.

डॉक्टर हिरमुसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुर्मीळ आहे, म्हणूनच तर मजा आहे. आणखी तीन हजार लावू." पण बाईंच्या जिवाला घोर लागला. आधी मला वाटलं, कामाचा ताण असेल. मग बघितलं तर त्या चकती देऊन परत जात नव्हत्या. माझ्या मागे उभ्या राहायच्या, पडद्यावर आकडा उमटेपर्यंत. उमटला की जायच्या आणि पुढच्या तासाला पुन्हा हजर. एकदा डबा खाताना त्या एकदम म्हणाल्या, "साहेब, दोन हजारांत एक नाही, आणि तेव्हा शंभरांत एक होता. तुम्हाला कसं वाटतं हे?"

"नशीब," मी म्हणालो.

"दगडाला कसलं आलंय नशीब," त्या म्हणाल्या आणि अर्धा डबा तसाच झाकून उठल्या.

त्यांच्या घरी काय चाललं होतं ते मला नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, नवरा पोस्टात टपालाची वर्गवारी करणारा शांत गृहस्थ, मुलगी सव्वीस वर्षांची, दवाखान्यात नर्स. बाई पहाटे उठून फरशी पुसू लागल्या. पुसलेली फरशी पुन्हा पुसू लागल्या. नवरा म्हणाला, "अगं, जमीन झिजेल." कपाटं उपसली, पुन्हा लावली. एका रविवारी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली आणि त्यातल्या कामाच्या जुन्या डायऱ्या जमिनीवर पसरून त्यांच्यामध्ये मांडी घालून बसल्या. बाई इतका वेळ खाली बसल्या आहेत, हे बघूनच मुलीला काळजी वाटली.

बाईंना सवय होती, रोज काय केलं ते चार ओळींत लिहून ठेवायची. ऑफिसची वही वेगळी, ही स्वतःची. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाईकाचा नंबर लिहून ठेवायची शिस्त होती, तीच पुढे चालू. एकोणीस वर्षांपूर्वीच्या डायरीत सरांच्या वालुकाश्माच्या दिवशी लिहिलं होतं: "चाळणीचे कापड संपले. कालचेच ब्रशने साफ करून वापरले. शाळेतून फोन. ताप १०३."

नियम असा होता की एक दगड चाळला की चाळणीचं कापड काढून फेकायचं. जाळीत एखादा दाणा अडकून बसतो, डोळ्याला दिसत नाही, आणि पुढच्या दगडात उतरतो. बाई या बाबतीत इतक्या कडक होत्या की नवशिक्यांना त्यांच्यासमोर चाळणीला हात लावायची भीती वाटे. त्या दिवशी नवीन कापड आलं नव्हतं. यंत्राची वेळ त्याच आठवड्याची ठरलेली. आणि मुलगी शाळेच्या आजारी मुलांच्या खोलीत तापाने फणफणलेली. बाईंनी जुनं कापड पाण्याखाली धरलं, ब्रश मारला, हवेच्या नळीने फुंकलं, दगड चाळला आणि पळाल्या.

आदल्या दिवशी त्या कापडावर काय चाळलं होतं, तेही डायरीत होतं. दुसऱ्या खंडातून आलेल्या एका पाहुण्या संशोधकाचा राखाडी पट्ट्यांचा खडक.

मुलीने ती ओळ वाचली. मग हळूच विचारलं, "आई, म्हणजे माझ्यामुळे का?"

"तुझ्यामुळे कशाला? तू सात वर्षांची होतीस, तुला ताप आला. चाळणी माझ्या हातात होती."

"मग आता?"

"आता काय. आता झोप लागणार नाही, एवढंच."

सोमवारी सकाळी मी कुलूप काढायच्या आधी बाई यंत्राच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. हातात डायरी आणि एक काचेची कुपी. तो पाहुणा आमच्याकडे खडक वेगळा करून घ्यायला आला होता, पण त्याला हवं होतं दुसरंच खनिज, अपॅटाइट. ते घेऊन तो गेला. झिरकॉन त्याच्या कामाचे नव्हते, म्हणून ते कुपीत भरून, चिठ्ठी लावून मागच्या कपाटात पडले होते. एकोणीस वर्षांत त्यांचं वय कुणी काढलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी सगळं सांगितलं. येरझाऱ्या घालत सांगितलं, मी खुर्चीवर बसून मान फिरवत ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "यातले नऊ दाणे आणि तो सतरावा, एकाच बैठकीत मोजून द्या. मला खरं काय ते कळू दे."

मी म्हणालो, "आणि खरं ते वाईट निघालं तर?"

"वाईट आत्ता चाललंय, साहेब. तेव्हा निदान थांबेल."

माझं मन धजत नव्हतं, हे कबूल करतो. त्या दाण्याच्या निबंधात तिसरं नाव माझं होतं. पण शनिवारी दिवसभर यंत्र मोकळं होतं. बाईंनी नऊ दाण्यांची नवी चकती केली. जुनी चकती काढून सतराव्या दाण्यावरून अगदी हलका हात फिरवला, नवा पृष्ठभाग उघडण्यापुरता. त्या दिवशी त्या घासत असताना मी शेजारी उभा होतो.

आधी इलेक्ट्रॉनच्या झोताखाली दाण्यांचे फोटो घेतले. झिरकॉनच्या पोटात खोडासारखी वलयं असतात. सतराव्याची वलयं रुंद, कडेला एक काळी पट्टी. कुपीतल्या नवापैकी सातांना तीच काळी पट्टी. मग वय. पहिला दाणा, तीनशे एकोणनव्वद कोटी. दुसरा, तीनशे नव्वद. तिसऱ्याला मी पडद्याकडे बघायचं टाळलं आणि बाईंकडे बघितलं. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या होत्या. मग ऑक्सिजन. ऑक्सिजनचा हलका आणि जड प्रकार यांचं प्रमाण ज्या वितळलेल्या खडकातून दाणा जन्मला त्याची खूण सांगतं. दहाही दाणे एका रेषेत आले, भावंडं एका रांगेत उभी करावीत तसे.

"झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी चकत्या डबीत ठेवल्या, डबीवर तारीख लिहिली आणि विचारलं, "सर उद्या घरी असतात का?"

"सोमवारपर्यंत थांबा हो."

सोमवारपर्यंत त्या कशा थांबल्या, देव जाणे.

सरांची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीत दगडांची रांग. बाईंनी मला बरोबर नेलं. सरांनी आकडे बघितले, फोटो बघितले, डायरीतली ओळ दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे किती जणांना माहीत आहे?"

"आम्हा दोघांना," बाई म्हणाल्या.

"मग एवढी घाई काय आहे?"

"नव्या डॉक्टर तीन वर्षं घालायला निघाल्यात. घाई त्यांची आहे."

सरांनी खिडकीतला एक दगड उचलला आणि आवाज न चढवता विचारलं, "बाई, तुम्हाला हे उकरायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मला विचार करू द्या."

सर विचार करत राहिले ते तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत बाईंनी काय काय केलं म्हणून सांगू. जड द्रवाच्या बाटल्या पुन्हा पुन्हा गाळल्या. सूक्ष्मदर्शक उघडून भिंगं पुसली. चार किलो वजन घटवलं. डॉक्टरांसमोर जायचं त्या टाळत, कारण सरांना शब्द दिला नव्हता तरी त्यांच्याआधी बोलवत नव्हतं, आणि डॉक्टरांना खोटंही सांगवत नव्हतं. एकदा डॉक्टर कॉरिडॉरमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, "ताई, छावणीसाठी तंबू ठरवले." बाईंनी मान हलवली आणि थेट माझ्या खोलीत आल्या. "साहेब, उद्या सरांनी सांगितलं नाही तर मी सांगते. तंबू परत करता येतात तोवर."

पण त्याच दिवशी दुपारी सरांनी डॉक्टरांना बोलावून सगळं सांगितलं. दार बंद होतं, आत काय झालं ते ठाऊक नाही. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. त्या बाईंच्या खोलीपर्यंत गेल्या, दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही मला पाच महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं."

"आणि तीन आठवड्यांपूर्वी?"

"चुकलं," एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मग दुरुस्तीपत्र. ज्या नियतकालिकात निबंध आला होता तिथे सरांनी पाठवायचं ठरवलं आणि मसुदा आम्हा दोघांना दाखवला. त्यात लिहिलं होतं की नमुना हाताळताना सरमिसळ झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

बाई वाचून म्हणाल्या, "शक्यता कसली? झालेली आहे."

"बाई, मी तुम्हालाच सांभाळून घेतोय."

"नका घेऊ, सर. तुम्ही असं मोघम लिहिलंत तर उद्या माझ्या अकराशे चकत्यांवर बोट ठेवतील. कुठली सरमिसळ, किती सरमिसळ, कुणाला काय ठाऊक. तारीख लिहा. कापड बदललं नाही असं लिहा. या दिवशी चुकलं म्हणून लिहिलं, की बाकीच्या दिवशी चुकलं नाही हेही लिहिल्यासारखं होतं."

सरांनी पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. तारीख घातली. डायरीच्या पानाचा फोटोही जोडला, फक्त ताप आणि शाळा झाकून. झाकायचं बाईंनीच सांगितलं. "तेवढं आमच्या घरातलं आहे," त्या म्हणाल्या.

पत्र छापून आलं. काही लोकांनी सरांचं कौतुक केलं, काहींनी फोन करणं बंद केलं. दालनातला फोटो एका सकाळी उतरलेला दिसला, भिंतीवर फिकट चौकोन राहिला. सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी या विषयाचा उल्लेख केला नाही, पण जाताना बाईंच्या खोलीत गेले आणि अर्धा तास तिथल्या स्टुलावर बसून होते. काय बोलले, ते बाईंनी मला सांगितलं नाही.

बाईंची तगमग मात्र पत्राने संपली नाही. त्याच दिवशी, सरांच्या दगडाआधी, त्याच कापडावर आणखी तीन दगड चाळले गेले होते. त्यांच्या चकत्या शोधून काढेपर्यंत त्यांनी मला सुखाने जेवू दिलं नाही. दोन साफ निघाल्या. तिसरीत एक दाणा राखाडी खडकाचा होता, पण तो त्या वेळी तडा गेलेला म्हणून मीच मोजायचा सोडून दिला होता. बाईंनी तरी तो दगड ज्याचा होता त्या संशोधकाला पत्र घालायला लावलं.

आणि एक पत्र त्या पाहुण्यालाही गेलं. म्हातारा झाला होता, पण खणखणीत. त्याचं उत्तर आलं ते वाचून आम्ही पोट धरून हसलो. ज्या खडकाला तो आयुष्यभर जेमतेम अडीचशे कोटींचा समजत आला, तो त्याच्या गावाजवळच्या नदीकाठाला उघडा पडलेला होता, आणि तीनशे नव्वद कोटींचा निघाला होता. त्याची किल्ली तो स्वतःच आमच्या कपाटात विसरून गेला होता. डॉक्टरांनी त्याच्याबरोबर नवा प्रकल्प आखला. जुने तंबू तिकडे उपयोगी पडले.

म्हाताऱ्याने आग्रह धरला की दाणे वेचणारी बाई आलीच पाहिजे. बाईंनी तीस वर्षांत दगड पोत्यांतून आलेलेच बघितले होते, जमिनीतला एकही नाही. आधी नको नको म्हणाल्या. मुलीने बॅग भरून दिली, नवऱ्याने विमानतळावर सोडलं.

पुढचं मला डॉक्टरांनी सांगितलं. नदीकाठ, वारा, राखाडी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा उघडा कातळ, दूरवर पसरलेला. बाई गाडीतून उतरल्या आणि चपला काढून त्यावर चालू लागल्या. म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही तुकडा नेमका कुठे फोडलात. त्याने हात हवेत फिरवला, इथेच कुठेतरी. बाईंना ते पटलं नाही. त्या वाकून, हाताने चाचपत, पट्ट्यांच्या कडेकडेने पुढे गेल्या, वळणाआड दिसेनाशा झाल्या. गाडीत जेवण गार होत होतं. तासभराने डॉक्टर त्यांना बोलवायला निघाल्या. वळणापलीकडे बाई कातळावरच्या एका जुन्या फोडीच्या खाचेत अंगठा ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांची टाचसुद्धा हलत नव्हती.